निलगिरीचा करपा आणि गगनबावड्याचा पाऊस

आपण ज्या झाडाला निलगिरी म्हणतो, त्याचे नावच मुळी उसने आहे. झाड ऑस्ट्रेलियाचे आणि नाव तमिळनाडूतल्या डोंगराचे. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९०च्या सुमारास नंदीदुर्गावरच्या बागेत ही झाडे लावली, असे मानले जाते. पुढे १८४३मध्ये इंग्रजांनी ती निलगिरी पर्वतावर आणली. उटकमंडच्या थंडीत साहेबांच्या शेगड्यांना जळण लागे. त्यापायी तिथले मूळचे जंगल तुटू लागले आणि त्याची भरपाई म्हणून या परदेशी झाडाच्या लागवडी उभ्या राहिल्या. सर्दी झाली की रुमालावर टाकायच्या तेलाची बाटली त्या डोंगरांतूनच घरोघर पोचली आणि झाडाला डोंगराचेच नाव पडले.

झाडाची ख्याती मोठी होती. सरळ वाढते, लवकर वाढते, गुरे तोंड लावत नाहीत, तोडले तरी पुन्हा फुटते. स्वातंत्र्यानंतर कागद आणि कृत्रिम धाग्याच्या कारखान्यांना लाकूड हवे होते. १९५२नंतर म्हैसूर राज्यात या झाडाची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली. महाराष्ट्रात १९८२मध्ये सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला आणि रस्त्यांच्या कडेला, गायरानावर, शेताच्या बांधावर निलगिरी, सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ दिसू लागली. नाशिक जिल्ह्यात विनायकदादा पाटील यांनी शेतकऱ्यांना निलगिरीची वनशेती शिकवली आणि लोकांनी त्यांना ‘वनाधिपती’ म्हटले. तिथल्या कोरड्या हवेत झाड जोमाने वाढले. दशकाच्या अखेरीस भाव पडले तेव्हा शेतकऱ्याचे हात पोळले, पण तो दोष बाजाराचा होता.

घाटमाथ्यावरची गोष्ट निराळी आहे. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात पावसाची किती तऱ्हा! पूर्वेला शिरोळला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला गगनबावड्याला तोच आकडा पाच हजारांच्या घरात जातो. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट इथूनच कोकणात उतरतात. जून ते सप्टेंबर गगनगड धुक्यात असतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरा येतो. मग झाडाच्या पानांचे काय होत असेल?

इथल्या भात आणि नाचणी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पानावर ठिपका पडतो, ठिपके वाढून एकमेकांत मिसळतात आणि पान भाजल्यासारखे दिसते. त्याला तो ‘करपा’ म्हणतो. पाऊस, ढगाळ हवा आणि तासन् तास ओले राहणारे पान ही करप्याची तीन निमंत्रणे. निलगिरीलाही असाच करपा होतो. तो करणारी बुरशी सिलिंड्रोक्लॅडियम या नावाने ओळखली गेली. शास्त्रज्ञ आज तिला कॅलोनेक्ट्रिया म्हणतात. ती जमिनीत आणि गळालेल्या पाल्यात टिकून राहते. पावसाचे थेंब आपटले की तिचे बीजाणू उडून खालच्या पानांवर बसतात. पानावर पाणी भरल्यासारखे करडे डाग पडतात, पाने गळतात आणि रोग वर चढत जातो. कोवळे शेंडे वाळतात. रोपवाटिकेत दाटीने ठेवलेली रोपे तर थोड्या दिवसांत हातची जातात.

आपल्याकडे या रोगाचा पद्धतशीर अभ्यास झाला तो केरळात. त्रिशूर जिल्ह्यातील पीची येथे १९७५मध्ये केरळ वन संशोधन संस्था स्थापन झाली. तिथले जे. के. शर्मा आणि सी. मोहनन यांनी १९८०च्या दशकात रोपवाटिका आणि लागवडी पालथ्या घातल्या. जिथे पाऊस जास्त तिथे हा करपा जास्त, असा त्यांचा अनुभव. त्याच्या जोडीला होता ‘गुलाबी रोग’. ही बुरशी पानावर येत नाही, सालीवर येते. फांदीभोवती गुलाबी पापुद्रा धरते, साल मारते आणि वरचा भाग वाळवून टाकते. कोकणातल्या काजू बागायतदारांना ती परकी नाही, कारण काजू, आंबा, फणस, रबर अशा कितीतरी झाडांवर ती येते. म्हणजे ती इथे होतीच. तिला एकाच वयाच्या, एकाच जातीच्या झाडांचे हजारो हेक्टर आयते मिळाले.

कर्नाटकातही तेच झाले. पश्चिम घाटातले नैसर्गिक जंगल तोडून निलगिरी लावण्यात आली आणि भर पावसाच्या प्रदेशात गुलाबी रोगाने ती पोखरली. माधव गाडगीळ यांनी या फसलेल्या प्रयोगाबद्दल लिहून ठेवले आहे. अशा जागी आपण दोनदा हरतो. जुने जंगल गेलेले असते आणि नवे लाकूडही पदरात पडत नाही. पुढे १९८७मध्ये धारवाड जिल्ह्यातील कुसनूरला गावकऱ्यांनी कारखान्यासाठी लावलेली निलगिरीची रोपे उपटून आपल्या उपयोगाची झाडे लावली. तो सत्याग्रह गायरानाच्या हक्कासाठी होता. रोगाचा आणि हक्काचा प्रश्न वेगळा, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती : जागा कोणती, पाऊस किती आणि तिथले लोक कोण, हे न विचारता वरून ठरवलेले झाड.

दूरदेशीही हाच धडा मिळाला. दक्षिण आफ्रिकेत १९३०च्या दशकात पानांच्या बुरशीमुळे निलगिरीची एक जात लावणेच सोडून द्यावे लागले. ब्राझीलमध्ये पेरूच्या झाडावर एक तांबेरा होता. तो निलगिरीवर गेला आणि १९७०च्या दशकात तिथल्या कोवळ्या लागवडींत त्याने मोठे नुकसान केले. पेरू, निलगिरी, लवंग आणि आपले जांभूळ ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. हाच तांबेरा २००५मध्ये हवाई बेटांवर पोचला आणि तिथल्या जाम झाडांची दैना झाली. २०१०मध्ये तो खुद्द ऑस्ट्रेलियात, निलगिरीच्या माहेरी, शिरला. सह्याद्रीच्या माथ्यावरचे जंगल अंजनी आणि जांभळाचे आहे. म्हणून रोपे, बियाणे आणि कलमे देशोदेशी हलवताना तपासणी किती कडक असावी, हा प्रश्न केवळ कागद कारखान्यांचा उरत नाही.

रोगावर उपाय नाहीत असे नाही. रोपवाटिकेत विरळ रोपे, पाण्याचा निचरा आणि बुरशीनाशकाची फवारणी यांनी रोग आवरतो. भद्राचलमच्या कागद कारखान्याने १९८९पासून चांगल्या, रोगाला दाद न देणाऱ्या झाडांच्या फांद्यांपासून रोपे बनवली आणि शेतकऱ्यांचे उत्पादन वाढले. कोरड्या भागात, शेतकऱ्याने आपल्या रानात हिशेब करून लावलेली निलगिरी हे पीकच आहे, आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र एका झाडापासून केलेली लाखो रोपे ही एकाच कुलपाची लाखो दारे. बुरशीला एक किल्ली सापडली की सगळीच उघडतात. १८४५मध्ये आयर्लंडच्या बटाट्याने हे दाखवून दिले आणि १८६९नंतर सिलोनच्या कॉफीने. डोंगरउतारावर तर फवारणी परवडत नाही, आणि फवारलेले औषध पहिल्याच सरीत ओढ्यात उतरते. तो ओढा पुढे कुंभी नदीला मिळतो आणि खालची गावे तेच पाणी पितात.

गगनबावड्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. बावड्याची जहागीर पंत अमात्यांची. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या १७१५च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी झाडांचा विचार येतो. जहाजांना लाकूड लागते, ते परवानगीने तोडावे; आंबा-फणसालाही हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. राज्याला लाकडाची निकड होती, तरी झाड किती वर्षांत होते आणि ते कोणाचे आहे, हे आधी विचारले गेले.

कर्नाटकाने २०१७मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. केरळाने २०२१मध्ये वनक्षेत्रातील परदेशी झाडे हटवून मूळ जंगल परत आणण्याचे धोरण मांडले. आपल्याकडे दर जूनमध्ये वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होतात. किती रोपे लावली ते सांगितले जाते; कोणती, कुठे आणि किती जातींची मिसळण, हे क्वचितच. घाटमाथ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि वन समित्यांनी रोपांची गाडी गावात येण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर शोधायला लांब जायला नको. पळसंब्याच्या रामलिंगाभोवतीची झाडी किंवा गावोगावच्या देवराया पाहाव्यात. बुरशी तिथेही असते. पण शेजारी शेजारी निरनिराळी झाडे असल्यामुळे एका झाडाचा रोग दुसऱ्याला सहज लागत नाही, आणि शतकानुशतके तोच पाऊस झेलून ती झाडी हिरवी राहिली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)