संघटन-प्रतिरूपातील व्यवस्थापकीय नियंत्रण

संघटन-प्रतिरूपातील व्यवस्थापकीय नियंत्रण : संस्थेच्या कामकाजाचे संगणकावर सिम्युलेशन करताना व्यवस्थापनाचे निर्णय नियमांच्या रूपात मांडण्याची पद्धत. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांनी ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ (१९६१) या ग्रंथातून तिला पद्धतशीर रूप दिले. त्यांच्या मांडणीत साठे, प्रवाह आणि प्रवाह कमी-जास्त करणारे निर्णय-नियम असतात.

नियमाचे भाग : लक्ष्य, मोजमाप, तफावत आणि उपाय हे नियमाचे मुख्य भाग होत. त्यांच्यामध्ये लागणारा विलंबही प्रतिरूपात घ्यावा लागतो. व्यवस्थापकासमोर प्रत्यक्ष स्थिती नसून तिच्याविषयीची माहिती असते. म्हणून या दोन्ही बाबी वेगळ्या ठेवतात. उशिरा आलेल्या माहितीवर मोठा उपाय योजला, तर साठा स्थिरावण्याऐवजी हेलकावे खातो.

उदाहरण : मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची उपयुक्त क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यांपैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसाची, तर १,४५,०८० दशलक्ष लिटर तानसाची आहे. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. प्रतिरूपात जलाशय हा साठा, पावसाचा येवा ही आवक आणि पुरवठा व बाष्पीभवन ही जावक ठरते. साठा अपेक्षेहून घटला की पाणीकपात लागू होते, हा नियंत्रणाचा नियम. २०२४ मध्ये मुंबईत ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के कपात झाली. साठा वाढल्यावर २९ जुलैपासून ती मागे घेण्यात आली.

नियंत्रणाच्या पातळ्या : रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये केलेल्या विभागणीनुसार धरणाचे दरवाजे उघडणे हे कार्यनियंत्रण, हंगामभराच्या पाण्याचे वाटप हे व्यवस्थापकीय नियंत्रण आणि नवे धरण बांधणे हे धोरणात्मक नियोजन म्हणता येईल. निर्णयकर्तेही अनेक असतात. तानसा मुंबई महानगरपालिकेचे, भातसा राज्याच्या जलसंपदा विभागाचे, तर मुरबाड तालुक्यात बुडीत क्षेत्र असलेले बारवी धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. त्यामुळे प्रत्येकाचा नियम स्वतंत्रपणे लिहून त्यांतील परवानग्या व माहितीची देवाणघेवाण दाखवावी लागते.

पडताळणी व मर्यादा : मागील वर्षांच्या नोंदी घालून प्रतिरूपातील साठा प्रत्यक्ष साठ्याशी ताडून पाहतात; त्यानंतर नियम बदलून परिणाम तपासतात. मात्र प्रतिरूपाची सीमा कोठे आखली, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. धरणांच्या शहापूर तालुक्यातच अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावे लागते. त्यांची गरज लक्ष्यात धरली नाही, तर पुरवठा सुरळीत असल्याचे दाखवणारे प्रतिरूप गणिताने बरोबर, पण व्यवस्थेच्या वर्णनात अपुरे राहते.