डाव्या खांद्यामागची मूठ

आज आपण बोलणार आहोत ते कॉकपिटमधल्या एका साध्याशा मुठीबद्दल. मोटारसायकलवाल्यांना रिझर्व्हचा कॉक ठाऊक असतो. गाडीनं आचके दिले की हात आपोआप खाली जातो. लहान विमानातही तसलाच कॉक असतो, फक्त कडेला थांबायची सोय नसते.

सेसना १७२चे पंख डोक्यावर, म्हणून पंखांतलं इंधन स्वतःच खाली उतरतं आणि दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवता येतात. पायपर चेरोकीचे पंख खाली, तिथे पंप लागतो. दोन्ही टाक्या जोडून ठेवल्या तर एक रिकामी होताच पंप तिच्यातली हवा ओढायला लागतो. म्हणून डावी किंवा उजवी, एकच. आणि बदलायची आठवण वैमानिकानं ठेवायची. लिंडबर्गनं १९२७ साली अटलांटिक ओलांडला तेव्हा पाच टाक्यांचा हिशोब त्यानं समोरच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघांनी मांडला होता.

आता येऊ १२ ऑक्टोबर १९९७ला, कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला. गायक जॉन डेन्व्हर आदल्याच दिवशी लाँग-ईझी हे विमान घेऊन आला होता. हे घरी बांधायचं विमान, आराखडा बर्ट रुटानचा. रुटाननं कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये दाखवला होता. बांधणाऱ्यानं तो मागे, डाव्या खांद्याच्या पाठीशी नेला. का? तर इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत म्हणून. कारण वेडगळ नव्हतं, हे आपण मान्य केलं पाहिजे.

पण मूठ हाताला येईना. निघण्याआधी डेन्व्हर आणि मेकॅनिकनं तिला पकड लावून लांबवायचा प्रयत्न केला, तोही फसला. इंधन दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, त्यांवर खुणा नाहीत. त्या बघायला मेकॅनिकनं आरसा दिला. डेन्व्हर म्हणाला, वर गेल्यावर ऑटोपायलट लावून मूठ फिरवीन. तासाभराचंच उड्डाण, म्हणून इंधनही भरून घेतलं नाही. पावणेतीन हजार तासांच्या आसपास अनुभव असलेला माणूस हा!

काही वेळानं, समुद्रावर जेमतेम काही शे फुटांवर असताना, विमान अचानक वळून पाण्यात कोसळलं.

अशा वेळी 'वैमानिकाची चूक' म्हणून फाइल मिटवणं सोपं असतं. अमेरिकी तपास मंडळानं तेवढ्यावर भागवलं नाही. मूठ फिरवताना लक्ष विचलित झालं आणि उजवा रडर नकळत दाबला गेला, हे मुख्य कारण त्यांनी लिहिलं. पण इंधनाचं अपुरं नियोजन, नव्या विमानाचं तोकडं प्रशिक्षण यांच्या जोडीला बांधणाऱ्याचा तो निर्णयही नोंदवला. मुठीवर खुणा नव्हत्या, आणि ती उजवीकडे वळवली की चालू व्हायची डावी टाकी!

आम्हाला या तपासातला एक प्रयोग फार बोलका वाटतो. तपासनीस स्वतः तशा विमानात बसला, मुठीसाठी अंग डावीकडे वळवलं. दर वेळी तोल सावरायला त्याचा उजवा पाय पुढे गेला आणि पेडलवर दाबला गेला.