अंगणातील बालवाडी : बोर्डी, कोसबाड आणि आपण

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आगाशी, बोळिंज, निर्मळ, नाळे या गावांच्या शेजारी वटार वसले आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला यांच्या वाड्यांवर या पंचक्रोशीचा संसार पिढ्यानपिढ्या चालला. वाडीत राबणारी किंवा भाजीची पाटी घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठणारी आई घराबाहेर असताना तिच्या तीन वर्षांच्या मुलाला कोण सांभाळीत असे? शेजारची आजी, घरची म्हातारी माणसे आणि बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण. प्रस्तुत लेखकाच्या लहानपणी 'पाळणाघर' हा शब्द आमच्या वाडीत कोणी उच्चारीत नसे. थोरल्या बहिणीची शाळा त्यापायी सुटे, याचीही नोंद कोणी ठेवली नाही.

आज त्याच आळ्यांतून विरार किंवा नालासोपारा स्थानकाकडे नोकरीसाठी धावणाऱ्या मातांची रांग लागते. मूल कोठे ठेवावे आणि ठेवले तर ते तेथे सुखरूप असेल काय, ही चिंता घरोघरी आहे. त्यामुळे बालसंगोपनाचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात कसा घडला, हे सुज्ञ वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

या इतिहासाचा एक धागा परदेशातून येतो. 1907 साली रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेल्यावर मागे राहिलेली मुले चाळींच्या भिंती खराब करतात, एवढीच घरमालकांची तक्रार होती. मुलांना कोठेतरी अडकवून ठेवण्याच्या या गरजेतून एक शिक्षणपद्धती जन्मास आली. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांचा इतका जीव होता की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. शिक्षा नाही, धाक नाही, बक्षिसाचे आमिषही नाही, हा त्यांचा आग्रह होता. 'छडी लागे छमछम' हे ज्या काळी विद्येचे पहिले सूत्र मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे.

याच बालमंदिरात ताराबाई मोडक येऊन दाखल झाल्या. 1892 साली जन्मलेल्या आणि मुंबईत पदवीपर्यंत शिकलेल्या या बाईंनी गिजुभाईंच्या हाताखाली बालशिक्षण आत्मसात केले. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, 1936 साली दादरला शिशुविहार निघाला. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत ही चळवळ एकाच वेळी वाढली. आपल्या परिसरात दोन्ही भाषा सुखाने नांदतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

दादरचे यश पदरी असताना वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 मध्ये, ताराबाईंनी बोर्डीचा रस्ता धरला. शहरातील सुस्थित घरांच्या मुलांना मिळते ते खेड्यातील मुलांना का मिळू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. बालपणीच लग्न आणि लगेच वैधव्य भोगलेल्या अनुताई पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आल्या होत्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा अस्वस्थ होता. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता. अशा वातावरणात दोन बाया लहान मुलांसाठी बालवाडी काढतात, हे कित्येकांना खुळेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

बोर्डीच्या बालवाडीत गावातली मुले आली. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले मात्र आली नाहीत. ती का येत नाहीत, याचा दोष ताराबाईंनी मुलांच्या किंवा आईबापांच्या माथी मारला नाही. मुले येत नसतील तर बालवाडीने त्यांच्याकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीवर जाऊन कोणाच्या तरी अंगणात मुले जमवू लागल्या. अंगणात भरते म्हणून ती 'अंगणवाडी'. आज सरकारदरबारी आणि देशातील खेडोपाडी बोलला जाणारा हा शब्द आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही, असे मला वाटते.

त्या अंगणात अक्षरांआधी पाणी आले. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, खरजेवर औषध लावणे हा पहिला पाठ होता. माँटेसरीची महागडी लाकडी साधने खेड्यात आणणार कोठून? मग बिया, शंख-शिंपले, पाने, माती, चिंध्या हीच साधने झाली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे 'विकासवाडी'ची कल्पना आकारास आली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यामागील हिशेब साधा होता. थोरल्या मुलीने कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. आमच्या वाडीतील ज्या बहिणीची शाळा सुटली, तिच्यासाठी कोसबाडला उत्तर होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शिक्षकच कुरणात जात. तीच 'कुरणशाळा' होय.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळाले. 1973 साली त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण या सेवा अंगणवाडीतून द्यावयाच्या असे ठरले. अनुताईंनी कोसबाडचे काम 1992 मध्ये मृत्यू येईपर्यंत सुरू ठेवले.

नाव घेतले गेले, परंतु सारा आशय घेतला गेला काय? आहाराचे वजन आणि नोंदवह्यांचे रकाने यांत सेविकेचा दिवस सरतो, तेव्हा गाणी-गोष्टींना वेळ उरत नाही. ज्या सेविकेच्या हाती देशाचे बालपण आहे, तिला शासन दीर्घकाळ मानधनावरील स्वयंसेविका समजत आले. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगण्यास 2022 साली सर्वोच्च न्यायालय यावे लागले. दुसरीकडे, 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद झाली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा मिळाली. भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या आईची मात्र आस्थापनाच नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून कठीण आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची बातमी आली आणि संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतर कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, स्त्री-मदतनीस यांची चर्चा जोरात झाली. ती योग्यच होती. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा 2012 चा कायदा तर असा प्रकार कळूनही न कळविणाऱ्यालाही दोषी धरतो. तरीही एक गोष्ट विसरू नये. ते प्रकरण बाहेर आले ते मुलींनी घरी सांगितले म्हणून. कॅमेऱ्याला दिसले नाही ते मूल सांगते; मात्र सांगण्याची त्याला भीती वाटता कामा नये. ज्या वर्गात 'गप्प बस' हा दिवसभराचा मंत्र असतो, तेथील मूल घरी आल्यावरही गप्प बसते. मी स्वतः ज्या बालवर्गात बसलो, तेथे रडणाऱ्या मुलाला अंधाऱ्या खोलीत उभे करीत. मी ते घरी कधीच सांगितले नाही, कारण घरचेही बाईंचीच बाजू घेतील अशी माझी खात्री होती. गिजुभाईंचा धाकाला असलेला विरोध हा केवळ कोवळ्या मनाचा हळवेपणा नव्हता, हे मला फार उशिरा उमगले.

विरारहून डहाणूच्या पुढे जाणाऱ्या गाडीने घोलवडला उतरले की बोर्डी जवळच आहे. वटारच्या पालकांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन समुद्रावर जावे, तसे कोसबाडची टेकडीही पाहून यावी. आणि सोमवारी आपल्या मुलाच्या पाळणाघरात वेळ न कळविता डोकवावे. रंगीत भिंती पाहू नयेत. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत की कपाटात कुलूपबंद आहेत, स्वच्छतागृहात मुलाला कोण नेते, एका बाईंकडे किती मुले आहेत, आणि दारात अचानक उभ्या राहिलेल्या पालकाला पाहून बाईंच्या चेहऱ्यावर काय उमटते, एवढे पाहावे.