वेगाचा हिशेब : बोरघाट ते बुलेट ट्रेन

गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसाद वाटप चालू असताना एका काकांनी मला गाठले. "तुम्ही रेल्वेतले ना? मग सांगा, बुलेट ट्रेन आली की व्हाइटफील्डहून पुणे किती तासांत?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पुढे मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा काकांचे उत्तर लिहूनच द्यावे असे ठरवले. मी इतिहासकार नाही. सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि वीसेक वर्षे रुळांच्या देखभालीत काढली. पण माझे आजोबा कर्जत-लोणावळा सेक्शनवर गँगमन होते. त्यामुळे रेल्वेचा इतिहास आमच्याकडे पुस्तकातून नव्हे, चुलीपाशी बसून ऐकलेल्या गोष्टींतून आला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि सुमारे चारशे पाहुणे. चौतीस किलोमीटर अंतर तासा-सव्वातासात तोडले. बैलगाडीच्या काळात हा चमत्कारच होता. पण या चमत्काराची एक बाजू शाळेच्या पुस्तकात येत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी १८४९ साली जो करार झाला, त्यात भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे नफा लंडनच्या भागधारकाचा आणि जोखीम इथल्या शेतकऱ्याची! दादाभाई नौरोजींनी या पद्धतीवर कडक टीका केली, ती यासाठीच.

पुढे आला बोरघाट. १८५६ ते १८६३ अशी सात वर्षे काम चालले. सुमारे २४ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढायचे, पंचवीस बोगदे खणायचे आणि चढ कुठे कुठे ३७ मीटरला १ मीटर असा. कामाच्या भरात चाळीस हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकी आणि तापाने, दरडी आणि सुरुंगांनी त्यांतले हजारो गेले. मजुरीच्या थकबाकीवरून १८५९ मध्ये दंगाही झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरे करून दाखवले. तिचे नाव निदान राहिले. मजुरांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत. आजोबा बोगद्यात शिरताना भिंतीला हात लावून नमस्कार करीत. लहानपणी मला वाटे, ते देवाला करतात. पुढे समजले, नमस्कार मजुरांना होता.

आता आपल्या लाडक्या दख्खनच्या राणीकडे वळू. विजेचे रूळ १९२९ मध्ये पुण्यापर्यंत पोहोचले आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. मुंबई-पुणे अंतर ती पावणेतीन तासांच्या आसपास कापीत असे. सुरुवातीला ही गाडी शनिवार-रविवारची, घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या साहेबलोकांची. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसरा वर्ग या गाडीला जोडला गेला तो १९५५ साली! म्हणजे वेग १९३० मध्ये आला, पण सामान्य माणसाला त्यात बसायला पंचवीस वर्षे लागली. आज या गाडीला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तरीही ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाची आहे. कारण पासधारक नोकरदार तिच्यावर आपला संसार चालवतात.

अतिवेगवान गाडीची सुरुवात जपानची. १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका शिंकान्सेन ताशी २१० किलोमीटर वेगाने सुरू झाली. पूर्वी साडेसहा तास लागत, ते चार तासांवर आले. पण जपान्यांनी ती केवळ वेगासाठी बांधली नव्हती. जुना तोकाइदो मार्ग देशाच्या एकूण लोहमार्गाच्या ३ टक्के लांबीचा, पण जवळजवळ पाव वाहतूक त्याच्या डोक्यावर. तिथे आणखी गाड्या घालायला जागाच उरली नव्हती. म्हणून जलद गाड्यांसाठी वेगळे रूळ टाकले आणि जुने रूळ मालगाड्यांना व साध्या गाड्यांना मोकळे झाले. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. रेल्वेचे अध्यक्ष सोगो आणि मुख्य अभियंता शिमा या दोघांनाही उद्घाटनाच्या आधीच, १९६३ साली, पद सोडावे लागले. जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्ज मात्र जपानने पूर्ण फेडले.

खर्च इतका का वाढतो, हे आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला शक्ती आठपट लागते. पण खरा पैसा इंजिनात नाही, जमिनीत जातो. वेगवान गाडीला तीव्र वळण चालत नाही, फाटक चालत नाही, रुळावर गुरे आलेली चालत नाहीत. म्हणून डोंगर आला की बोगदा आणि गाव आले की उड्डाणमार्ग. कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटरच्या हिशेबाने आखली गेली. १९९८ साली ती पूर्ण झाली, तेव्हा सुमारे ७४० किलोमीटरला साडेतीन हजार कोटींच्या आसपास खर्च आला होता. तरीही पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तिथे वेग मुद्दाम कमी ठेवतात. चाकरमानी गणपतीला निघतात ते नेमके त्याच दिवसांत!

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटरची, बारा स्थानकांची. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला भूमिपूजन झाले, तेव्हाचा अंदाज होता १ लाख ८ हजार कोटींचा. म्हणजे किलोमीटरला सुमारे २१२ कोटी. यातले ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज फक्त ०.१ टक्का, मुदत पन्नास वर्षे. व्याज कमी, हे खरे. पण फेड येनमध्ये आहे आणि रुपया घसरला तर ओझे आपल्या नातवंडांवर. शिवाय पालघरच्या शेतकऱ्याची जमीन आणि खाडीकाठची वीस हजारांवर तिवरे, हा खर्च वेगळाच. त्याच पालघरच्या लोकांना विरार-डहाणू चौपदरीकरणही हवे आहे, कारण त्यांना रोज लोकलने कामावर जायचे असते.

मग बुलेट ट्रेन नकोच का? असे मी म्हणणार नाही. साधारण तीनशे ते आठशे किलोमीटरच्या टप्प्यात ती विमानाला भारी पडते. टोकियो-ओसाका आणि मुंबई-अहमदाबाद दोन्ही पाचशेच्या घरात. बेंगळुरू-चेन्नईही त्यात बसते. जुन्या मार्गावरचा ताण कमी झाला, तर बुलेटमध्ये कधीही न बसणाऱ्यालाही तिचा फायदा होईल. तो तसा होतो की नाही, यावरच तिची परीक्षा व्हायला हवी.

हे मी अनुभवाने लिहितो. २०११ च्या गणपतीत कर्जतहून फोन आला, वडिलांना दवाखान्यात हलवले आहे. रेल्वेचा पास खिशात होता, पण बर्थ नव्हता. एक गाडी वेटिंगमध्ये गेली, दुसरीच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसरीत उभा राहून पुणे गाठले. गाडी अगदी वेळेवर होती. मीच उशिरा पोहोचलो. त्या रात्री मला ताशी ३२० किलोमीटर वेग नको होता, एक माणूस मावेल एवढी जागा हवी होती.

तर काका, तुमचे उत्तर. पुणे इथून साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे. उद्यान एक्स्प्रेसने वीस तासांच्या आसपास, बुलेटने कागदावर चार. त्यासाठी २०१७ च्या दरानेसुद्धा दोन लाख कोटींच्या वर लागतील. तोपर्यंत एक गोष्ट लक्षात घ्या. २०२३ मध्ये व्हाइटफील्डची मेट्रो मॅजेस्टिकपर्यंत जोडली गेली आणि स्टेशन गाठायचा आपला रस्त्यावरचा खोळंबा संपला. कँटोन्मेंट-व्हाइटफील्ड चौपदरीकरणही हाती घेतले आहे. घरापासून घरापर्यंतचा वेळ असल्या कामांनी वाचतो, जरी त्यांच्या उद्घाटनाला गर्दी कमी असली तरी.

कर्जतहून घाट चढताना आजही गाडीला मागून इंजिने लागतात. पुढच्या वेळी बटाटावडा खाता खाता खिडकीतून ती जरूर पाहा. आणि पहिला बोगदा आला की, जमल्यास, मनातल्या मनात एक नमस्कार करा.