चकाकीत हरवणारी अक्षरं

जुनं फाउंटन पेन हाती आलं की बहुतेकांना ते आधी चमकवावंसं वाटतं. मी आधी भिंग घेतो. नळीवर ठसवलेली बारीक अक्षरं, म्हणजे कंपनीचं नाव, गाव, पेटंटची तारीख, हाच त्या पेनाचा जन्मदाखला. पावती आणि खोकं केव्हाच गेलेलं असतं. हा दाखला पुसून टाकायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पॉलिश.

कारण प्लास्टिकची चकाकी वरून चढवलेली नसते, ती घासून काढलेली असते. लेथवरून उतरलेल्या नळीवर हत्याराच्या रेघा असतात. त्या जाड पॉलिश पेपरने काढायच्या, त्या पेपरचे ओरखडे त्याहून बारीक पेपरने, असं पायरीपायरीने जायचं. एक पायरी गाळली तर तिथला खोल ओरखडा शेवटपर्यंत राहतो आणि चकाकीत अधिकच उठून दिसतो. पाणी लावून घासलं की भुकटी वाहून जाते, नळी तापत नाही. शेवटी कापडी चाकावर बारीक पॉलिश. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. उरलेले चरे त्याहून बरेच लहान झाले की प्रकाश विखुरत नाही आणि नळी आरशासारखी दिसते.

पेनासाठी वापरलेल्या प्रत्येक पदार्थाने या कामाला आपापल्या अटी घातल्या. आधी आलं एबोनाइट. रबरात भरपूर गंधक घालून तापवलेल्या या कठीण पदार्थाचं अमेरिकन पेटंट नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये घेतलं. ते सुरेख चमकतं, पण उजेडाने आणि ओलाव्याने काळ्याचं तपकिरी होतं. शेफरने १९२४ मध्ये आणि पार्करने १९२६ मध्ये सेल्युलॉइड आणलं. त्यात हवे ते रंग मिळाले, पण ते झटकन पेट घेतं. चाक जोरात दाबून चालत नाही. दुधातल्या केसिनपासून केलेलं प्लास्टिक पाणी शोषून फुगतं, म्हणून तिथे पाण्याला मज्जाव. १९४१ च्या ‘पार्कर ५१’ला ॲक्रिलिकची नळी मिळाली.

एबोनाइटची परंपरा आपल्याकडेही आहे. राजमुंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचं स्वदेशी पेन ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं आणि जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून आभाराचं पत्र धाडलं. असं पत्र पाठीशी असलेलं पेन विरळा. बाकीच्या असंख्य पेनांविषयी कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांची साक्ष त्यांच्या नळीनेच द्यायची.

आणि ती साक्ष उथळ असते. वॉटरमनच्या एबोनाइट पेनांवर १८८४ च्या पेटंट तारखा पुढे कैक वर्षं ठसवल्या जात होत्या. म्हणून तारखेवरून पेनाचं वय ठरत नाही. अक्षरांचं वळण, ठशाची जागा, मजकुरातले फरक असं सगळं एकत्र वाचावं लागतं. पॉलिश पेपर चार वेळा फिरला की आधी हे बारकावे जातात, मग अक्षरं.

रंगसुद्धा पुरावाच आहे. उघडी नळी तपकिरी आणि टोपणाखालचा भाग काळाभोर असेल, तर टोपण लावलेलं ते पेन वर्षानुवर्षं उजेडात पडून होतं असं समजावं. सगळीकडून सारखं काळं केलं की ही हकिकतही संपली.

नवी कांडी आणून पेन घडवणाऱ्याने हवी तेवढी चकाकी आणावी. तिथे पुसण्यासारखं काही नसतं. घरातल्या जुन्या पेनाच्या बाबतीत मात्र एवढं करावं: बाजूने तिरका उजेड टाकून ठशाचा फोटो काढावा, मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवावा, मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी आणि थांबावं. मळकं पेन पुढे केव्हाही चमकवता येतं. घासून गेलेलं अक्षर परत आणता येत नाही.