डब्यातली पावडर आणि परसातली भाजी



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या आणि मग एक डबा हातोहात फिरला. आतल्या पावडरीत ‘अँटिऑक्सिडंट’ आहे, रोज चमचाभर घेतली की स्तनाचा कर्करोग होत नाही, असं विकणारी सांगत होती. दोघींनी त्यासाठी गटाकडे कर्जही मागितलं. बैठक उठल्यावर एक वहिनी हळूच म्हणाल्या, “ताई, गाठ आधीच असली तर यानं जाईल का?”

त्यांना उत्तर देण्यासाठी मला चाळीस वर्षांचा इतिहास सांगावा लागला. तोच आज तुम्हाला सांगते.

चिरलेलं सफरचंद हवेनं काळं पडतं, लिंबू चोळलं तर लवकर पडत नाही. आपल्या शरीरातही पेशींची अशी झीज होत असते आणि ती रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व, शेंगदाण्यातलं ई जीवनसत्त्व, गाजर, तांबडा भोपळा, शेवग्याचा पाला यांतलं बीटा कॅरोटीन ही त्यांतली काही नावं.

1981 साली रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रश्न मांडला: आहारातल्या बीटा कॅरोटीननं कर्करोग कमी होईल का? भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसत होते. पण भाजी जास्त खाणारी माणसं बहुधा विडी-सिगारेट कमी ओढतात, दारू कमी पितात. मग गुण नक्की कशाचा? म्हणून त्यांनी नीट चाचणी घ्या असं सुचवलं.

चाचणी कशी घेतात? आपण भिशीत चिठ्ठी काढतो, तशी. चिठ्ठीनं ठरतं कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहतात.

फिनलंडमध्ये 1985 पासून सिगारेट ओढणाऱ्या 29,133 पुरुषांवर अशी चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा सगळे चकित झाले. बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त निघाला! अमेरिकेतही सिगारेट ओढणारे आणि अॅस्बेस्टॉसचं काम केलेले अशा 18,314 स्त्री-पुरुषांवर चाचणी चालू होती. तिथंही उलटंच दिसलं, म्हणून 1996 मध्ये गोळ्या मुदतीआधीच बंद केल्या.

आता बायकांचं काय? अमेरिकेत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या 39,876 स्त्रियांची मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटीननं त्यांच्यात कर्करोग कमी झाला नाही. ई जीवनसत्त्वाची गोळी त्यांनी सुमारे दहा वर्षं घेतली. 2005 मध्ये निकाल लागला आणि स्तनाच्या कर्करोगात काही फरक दिसला नाही. पुढं 2009 मध्ये दुसऱ्या एका चाचणीत क जीवनसत्त्वाच्या गोळीचंही तेच झालं.

म्हणजे भाजी वाईट का? मुळीच नाही. भाजीत एकच पदार्थ नसतो, अनेक असतात आणि तेही बेतानं. गोळीत मात्र एकच पदार्थ जेवणातल्यापेक्षा कितीतरी जास्त भरलेला असतो. परसातली भाजी जरूर खा. पण भाजी खाते म्हणून मला कर्करोग होणारच नाही, असंही समजू नका.

आता आपल्या मुंबईचा इतिहास ऐका. 1998 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयानं वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्तनांची तपासणी करत. ना यंत्र, ना गोळी, फक्त शिकलेले हात. वीस वर्षांचा हिशेब 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीआतल्या स्त्रियांत मृत्यूंचा तेवढा फरक दिसला नाही, पण रोग लवकर सापडला की उपचार सोपे होतात, हे सगळ्यांनाच लागू आहे.

हा इतिहास ऐकून वहिनी गप्प झाल्या. गाठ चार महिन्यांपासून होती. दुखत नव्हती, म्हणून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सगळ्याच गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळतं. न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, असं धरून चालू नका.

तेव्हा मैत्रिणींनो, स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, बोंडातून रक्त आलं, तर लाजू नका, थांबू नका. तीस वर्षांपुढच्या स्त्रियांच्या तपासणीची सोय सरकारी आरोग्य केंद्रात आहे. आशाताईंना विचारा.

त्या दोघींचा कर्जाचा अर्ज आम्ही परत दिला. त्याऐवजी गटानं ठराव लिहिला: दवाखान्यात जायला कुणाकडे गाडीभाडं नसेल, तर ते गटाच्या पेटीतून द्यायचं. तुमच्या गटाच्या वहीतही हा ठराव लिहाल ना?