डॅशबोर्डवरचे जादा काटे

मोटार कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरचे मीटर सर्वसाधारण चालकाला पुरतील अशा बेताने दिलेले असतात. इंजिनाची ताकद वाढवली, गाडी शर्यतीत उतरवली किंवा तिला टर्बो जोडला की हे मीटर अपुरे पडतात. मग मालक बाजारातून वेगळे गेज आणून बसवतो. आफ्टरमार्केट गेजची ही प्रथा जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. आधी कोणता गेज बसवायचा, याचे उत्तर मात्र दर पिढीला बदलत गेले. त्या त्या काळातली इंजिने ज्या कारणाने निकामी होत, त्या कारणावर नजर ठेवणारा काटा पुढे आला.

या काट्यांचा मूळपुरुष वाफेच्या युगातला आहे. पॅरिसमधला यंत्रकार यूजीन बूर्दाँ याने १८४९ मध्ये दाबमापकाचे पेटंट घेतले. वाफेच्या यंत्रासाठी वळवलेली एक नळी बनवताना चेपली गेली होती. ती पूर्ववत करण्यासाठी आत दाब दिला तेव्हा ती उलगडू लागली. दाब जितका जास्त तितकी नळी अधिक उलगडते, हे बूर्दाँच्या ध्यानात आले. चपट्या छेदाची वाकवलेली नळी, तिच्या बंद टोकाला जोडलेली छोटी दांडी, दातेरी चाक आणि काटा, एवढीच ही रचना. बॉयलरवरून ती पुढे मोटारीत आली. ऑइलचा दाब मोजताना या नळीत ऑइल येते, टर्बोचा दाब मोजताना हवा येते. तापमान मोजताना इंजिनाच्या पाण्यात बुडवलेल्या बल्बमधल्या ईथरसारख्या द्रवाची वाफ होते आणि तिचा दाब केसासारख्या बारीक नळीतून तबकडीपर्यंत पोचतो. त्यामुळे तीन वेगळ्या गोष्टी मोजणारे जुने यांत्रिक गेज उघडले तरी तिन्हींच्या पोटात हीच वाकडी नळी सापडते.

पहिल्या मोटारींत मात्र असे काही नव्हते. १९०८ पासून १९२७ पर्यंत बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल पाहायचे तर सीट उचलून टाकीत पट्टी बुडवावी लागे. ऑइल पाहण्यासाठी गाडीखाली शिरावे लागे. फ्लायव्हीलच्या कवचाला एकाखाली एक अशा दोन तोट्या होत्या. खालची उघडल्यावर ऑइल आले आणि वरचीतून आले नाही, तर पातळी योग्य समजायची. इंजिन किती तापले आहे ते कळायला रेडिएटरवरची वाफ दिसेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ही उणीव भरून काढणारे साधन १९१२ च्या सुमारास अमेरिकेत आले. हॅरिसन बॉयसच्या मोटोमीटरमध्ये रेडिएटरच्या झाकणावर उभा बसणारा थर्मामीटर होता, आणि त्यातली लाल रेघ चालकाला काचेतून समोर दिसे. हा थर्मामीटर पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवत असे. तरी पाणी उकळण्याआधी इशारा मिळतो, हीच मोठी सोय होती. गाडीच्या किमतीच्या मानाने ही वस्तू स्वस्त होती आणि झाकण बदलले की बसत होती. मालकांनी स्वतः विकत घेऊन बसवलेल्या सुरुवातीच्या लोकप्रिय गेजपैकी हा एक. विसाच्या दशकाच्या अखेरीस तापमानाचा काटा डॅशबोर्डवर आला आणि मोटोमीटर मागे पडला.

याच काळात गेज बनवणारे मोठे कारखाने उभे राहिले. शिकागोमध्ये १९१२ साली दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून स्टुअर्ट-वॉर्नर ही कंपनी झाली. इंग्लंडमध्ये घड्याळांच्या धंद्यातली स्मिथ्स कंपनी मोटारीच्या मीटरांकडे वळली आणि येगर हे नावही पुढे तिच्याच पंखाखाली आले. जर्मनीत १९२९ मध्ये व्हीडीओ स्थापन झाली. इटलीत वेग्लियाचे मीटर फियाटपासून फेरारीपर्यंतच्या गाड्यांत दिसू लागले. यातली बरीच मंडळी दुहेरी धंदा करत होती. मोटार कारखान्याला माल द्यायचा, आणि तेच गेज सुटे म्हणून दुकानातही विकायचे.

तिसाच्या दशकात कारखान्यांनी उलटी वाट धरली. अमेरिकेच्या हडसन कंपनीने ऑइलचा दाब आणि बॅटरीचे चार्जिंग यांचे काटे काढून त्या जागी लाल दिवे बसवले. दिवा स्वस्त पडतो आणि काटा वाचण्याची तसदीही लागत नाही. पुढे इतरांनी हाच मार्ग घेतला. या दिव्यांचा दोष असा, की ऑइलचा दाब साधारण पाच-सात पीएसआयपर्यंत उतरल्याशिवाय दिवा पेटत नाही. भरधाव इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. दिवा पेटतो तेव्हा अनेकदा बेअरिंग खरवडले गेलेले असते. आफ्टरमार्केट गेजच्या धंद्याला खरे बळ या दिव्यांनीच दिले.

दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर तिसाच्या दशकापासून तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या पळवत. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांमुळे या हॉटरॉडच्या छंदाला भरती आली. १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघाले. या गाड्यांत बहुधा फोर्डचे १९३२ मध्ये आलेले फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन असे. त्याचे एक्झॉस्टचे मार्ग सिलिंडर ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीतूनच बाहेर जात, त्यामुळे ते लवकर तापे. ताकद वाढवलेल्या फ्लॅटहेडवर पाण्याचे तापमान आणि ऑइलचा दाब हे दोन गेज म्हणूनच अत्यावश्यक ठरले. स्टुअर्ट-वॉर्नरचे काळ्या तबकडीचे गेज ही या गाड्यांची ओळख झाली. तिसाच्या दशकातल्या ऑबर्न गाडीचा मीटरचा पत्रा मोडीत मिळाला तर त्यात हे गेज मांडणे मानाचे समजत.

पन्नासाच्या दशकात लक्ष इंजिनाच्या फेऱ्यांकडे गेले. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने एनएचआरए ही संघटना निघाली आणि पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतींना शिस्त आली. पाव मैलात गिअर केव्हा बदलला यावर जय-पराजय ठरतो. शिवाय इंजिन मर्यादेबाहेर फिरले तर स्प्रिंगा व्हॉल्व्ह वेळेत मिटवू शकत नाहीत, आणि उघडा राहिलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. म्हणून फेऱ्या मोजणारा टॅकोमीटर सर्वांत महत्त्वाचा झाला. गॅरेजची तपासणी यंत्रे बनवणाऱ्या शिकागोच्या सन इलेक्ट्रिकचा टॅकोमीटर या मंडळींत नावाजला. १९५७ मध्ये इलिनॉयमध्येच ऑटोमीटर कंपनी सुरू झाली आणि पुढे या धंद्यात आघाडीवर गेली. कारखान्यांनाही या मागणीची दखल घ्यावी लागली. १९६७ च्या पॉन्टिॲक जीटीओला बॉनेटवर बसणारा टॅकोमीटर जादा पैसे देऊन मिळत असे.

युरोपातल्या शर्यतींत स्मिथ्सच्या टॅकोमीटरला एक दुसरा काटा असे. मुख्य काटा जिथवर गेला तिथे हा काटा थांबून राही. गाडी पिटमध्ये आली की चालकाने इंजिन किती ताणले ते त्यावरून उघड होई. आजच्या डिजिटल गेजमधली ‘पीक होल्ड’ची सोय म्हणजे याच काट्याचा वारसा आहे. शर्यतीच्या गाड्यांत आणखी एक रीत रुळली. इंजिन ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर उभा दिसेल, अशा बेताने गेज आपल्या जागी फिरवून बसवायचे. आकडे तिरपे झाले तरी बिघडत नाही. ताशी दीडशे मैलांच्या वेगात चालक आकडे वाचत नाही, कलंडलेला काटा तेवढा त्याच्या नजरेत भरतो.

साठाच्या दशकापासून यांत्रिक आणि इलेक्ट्रिक या दोन जातींतली निवड कळीची झाली. यांत्रिक गेज तत्काळ आणि अचूक सांगतो, आणि त्याचा काटा पाऊण वर्तुळभर फिरत असल्याने बारीक फरकही दिसतो. मात्र त्याची नळी गरम ऑइल थेट चालकाच्या गुडघ्यापाशी आणते, आणि ती फुटली तर धोका होतो. तापमान गेजची नळी लांबी जास्त झाली म्हणून कापता येत नाही. कापली की आतला द्रव गेला आणि गेज मेला. इलेक्ट्रिक गेजला इंजिनावर सेंडर (माप विजेच्या संकेताने पाठवणारा भाग) आणि एक तार पुरते, पण जुने इलेक्ट्रिक काटे सावकाश हलत. चार्जिंगच्या बाबतीतही असाच बदल झाला. चार्जिंगचा प्रवाह दाखवणाऱ्या अमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह डॅशबोर्डपर्यंत न्यावा लागतो. १९६० पासून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येऊ लागला, प्रवाह वाढला आणि तापलेल्या जाड तारा आगीला निमंत्रण देऊ लागल्या. त्यामुळे व्होल्टमीटरने अमीटरची जागा घेतली.

त्यानंतरचे वळण टर्बोचे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या पहिल्या टर्बो मोटारी बाजारात आल्या. १९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि त्या दशकाच्या अखेरीस साबच्या टर्बो गाड्या आल्या. साब ९०० च्या बूस्ट गेजवर, म्हणजे टर्बोचा दाब दाखवणाऱ्या गेजवर, आकडे नव्हते, रंगीत पट्टे होते. कारखान्याने ठरवलेला दाब वाढवायचा म्हटल्यावर रंग उपयोगी पडत नाहीत, आकडा लागतो. जपानमध्ये हे फार ठळकपणे दिसले. तिथल्या कंपन्यांनी १९८९ पासून आपसातल्या समजुतीने जाहिरातीतली ताकद २८० पीएसवर थांबवली होती. निस्सान स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्यांची इंजिने मात्र याहून बरेच सोसू शकत होती, आणि मालक बूस्ट वाढवून ती ताकद बाहेर काढत. या मागणीवर एचकेएस, ग्रेडी यांच्या जोडीने डेफीचे ६० मिलिमीटरचे गेज गाजले. डेफी हा नागाओकाच्या निप्पॉन सेइकी या मीटर बनवणाऱ्या कंपनीचाच ब्रँड. स्टेपर मोटरमुळे या गेजचे काटे झटपट हलतात. चावी फिरवताच सगळे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात आणि धोक्याची पातळी मालकाला स्वतः ठरवता येते.

टर्बो इंजिनात हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर पिस्टन वितळू शकतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, आणि जोर लावताना याहून अधिक पेट्रोल द्यावे लागते. १९७६ मध्ये व्होल्वोने हे मिश्रण जोखणारा बॉशचा लॅम्डा सेन्सर वापरात आणला, पण तो पेट्रोल जास्त की कमी एवढेच सांगे. त्यावर चालणारे रंगीत दिव्यांचे गेज नव्वदीत खूप खपले, मात्र ट्यूनिंगला ते कुचकामी होते. रुंद पट्ट्यात मोजणारे वाइडबँड सेन्सर स्वस्त झाल्यावरच या गेजला अर्थ आला.

दरम्यान कारखान्यांनी काट्यांमागचे सत्यही पातळ केले. माझदा मियाटात १९९४ पर्यंत ऑइलच्या दाबाचा खरा काटा होता. १९९५ पासून त्यामागे फक्त चालू-बंद होणारा स्विच राहिला. दाब पुरेसा असला की काटा मध्यावर स्थिर, मग तो कितीही खालीवर होवो. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ ही गाडीच्या तपासणीची व्यवस्था सक्तीची झाल्यावर गाडीच्या संगणकातले आकडे एका प्लगमधून मिळू लागले. आज पुण्याजवळच्या चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयचा मालकही बूस्टचा काटा नसलेल्या आपल्या गाडीतले आकडे फोनवर पाहू शकतो. ही सोय स्वस्त आहे. पण संगणकाकडे ज्याचा सेन्सर आहे तेवढेच तो सांगतो. ऑइलच्या दाबासाठी अनेक गाड्यांत आजही साधा स्विचच असतो.

या इतिहासातून निवडीचा क्रम आपोआप ठरतो. सर्किटवर पळणाऱ्या साध्या इंजिनाला आधी ऑइलचा दाब, मग ऑइलचे तापमान. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरते आणि दाब कोसळतो, तो काट्यावरच दिसतो. टर्बोची गाडी असेल तर बूस्ट आणि वाइडबँड हे आधी. गेज असा घ्यावा की नेहमीचे माप तबकडीच्या मध्यावर येईल. एक बारच्या बूस्टला दोन बारचा गेज पुरतो. ऑइल वा पेट्रोलचा दाब मोजायचा तर आजच्या गाडीत इलेक्ट्रिकच घ्यावा, म्हणजे ज्वलनशील द्रव आत येत नाही. समोरच्या काचेशेजारच्या खांबात पडद्याची एअरबॅग असेल तर गेजचा कप्पा तिथे लावू नये. आणि हात आखडताच घ्यावा: चालकाची नजर ज्यावर जाणार नाही, असा काटा बसवण्यात पैसे घालू नयेत.